रंग दिसतो कुठे? डोळ्यात की डोक्यात?

बालमित्रांनो, आज आधी एक प्रयोग करू. लाल कापडाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून बघा. मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. भिंतीवर निळसर-हिरवा डाग दिसतोय ना? भिंत तर कोरी आहे. मग हा रंग आला कुठून?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे प्रकार तीन. एकटीदुकटी पेशी रंग ओळखत नाही बरं का! तिन्ही प्रकारच्या पेशींचे निरोप एकमेकांशी ताडून पाहिले जातात, तेव्हा रंग ठरतो. हे काम डोळ्यात सुरू होतं आणि मेंदूत पुरं होतं. लाल बघून बघून एका प्रकारच्या पेशी थकल्या, हिशेब बिघडला आणि भिंतीवर डाग उमटला.

तुमच्या पुस्तकात अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन आहे ना? तो इंग्लंडमधल्या खेड्यातल्या विणकराचा मुलगा. त्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखता येत नसत. १७९४ साली त्याने त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातलं पाणी निळं असावं, असं त्याला वाटे. "मी गेल्यावर माझे डोळे तपासा," असं त्याने सांगून ठेवलं. १८४४ साली तपासले, तर पाणी स्वच्छ! पण डोळा जपून ठेवला होता. १९९५ साली त्यातले जनुक तपासले, तेव्हा कळलं की तीनपैकी एका प्रकारच्या पेशी त्याच्याकडे नव्हत्याच. डाल्टनचा तर्क चुकला, पण त्याचा प्रश्न दीडशे वर्षं टिकला!

असे प्रश्न आजही शिल्लक आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम राय यांच्या प्रयोगशाळेने २०१८ साली दाखवलं, की लालसर रंग समोर आला की माकडाच्या मेंदूतल्या पाहण्याच्या भागात एक विद्युतलय फार जोरात उमटते. ती लालालाच एवढी का? शोधायला माणसं हवीत.

ती माणसं बीड जिल्ह्यातून का जाऊ नयेत? अंबाजोगाई, परळी, माजलगाव, कुठूनही जाता येतं. अकरावी-बारावीला विज्ञान घ्या. गणित सोडू नका, मेंदूच्या अभ्यासात ते पदोपदी लागतं. मग बी.एस्सी., एम.एस्सी. आणि त्यानंतर पीएच.डी. बारावीनंतर थेट पुण्याच्या 'आयसर'मध्येही प्रवेशपरीक्षा देऊन जाता येतं. मेंदूवर संशोधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चालतं, हरियाणात मानेसरला तर त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्रच आहे.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. "एवढी वर्षं शिकायचं, मग घर कसं चालायचं?" ही काळजी खरी आहे. पण पीएच.डी. करताना शिष्यवृत्ती मिळते. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवली, तर २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. वाट लांब आहे, परीक्षा अवघड आहे. पण केवळ पैशापायी पोराला "हे आपल्यासाठी नाही" म्हणू नका.

आणि हो, घरात एखादा मुलगा लाल-हिरव्यात गोंधळत असेल, तर त्याला हसू नका, रागावू नका. डॉक्टरांना दाखवा. कुणी सांगावं, उद्याचा डाल्टन तोच असेल!