माहेराशी बोलते का, हे सरकारला कशाला हवं?

मैत्रिणींनो, 'समन्वय' या गोड शब्दाला भुलू नका. १३ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने महिला व बालविकास मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली 'आंतरजातीय/आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती' नेमली गेली. काम काय, तर कोणी नोंदणी करून लग्न केलं, कोण पळून गेली, कोणाचं माहेराशी बोलणं तुटलं, याची माहिती जमवायची! ओरड झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' शब्द गाळला. 'आंतरधर्मीय' तेवढा राहिला. हेतू कळायला आणखी काय हवं?

निमित्त होतं वसईच्या तरुणीच्या दिल्लीतल्या खुनाचं. पण हा मला मारून टाकेल, असं तिनेच नोव्हेंबर २०२० मध्ये तुळींज पोलिसांना लिहून दिलं होतं. पुढे तिने तक्रार मागे घेतली आणि प्रकरण मिटलं. मार खाणारी बाई तक्रार मागे का घेते, हे समुपदेशन केंद्रात महिनाभर बसलेली कोणीही कार्यकर्ती सांगेल. त्यासाठी मंत्र्यांची समिती लागत नाही.

आणि पाळत ठेवायला समाज काय कमी आहे? २०२१ मध्ये आपल्या नाशकातच एका आंतरधर्मीय लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरली. दोन्ही घरं राजी, नोंदणीही झालेली, तरी ठरलेला समारंभ रद्द करावा लागला. विशेष विवाह कायद्याची नोटीस ३० दिवस फळ्यावर असते. ती वाचून मुलीच्या घरी फोन करणारे लोक माझ्या ओळखीचे झालेत.

१४ फेब्रुवारी २०२५ ला (दिवसही काय निवडला!) 'लव्ह जिहाद'विरोधी कायदा सुचवायला आणखी एक समिती आली. तिच्या प्रमुखपदी थेट पोलीस महासंचालक. म्हणजे बाईने कोणाशी लग्न करावं हा विषय महिला खात्याकडून खाकीकडे गेला. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्येच अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष करायला सांगितलं होतं. त्यासाठी मात्र आपल्याला खेटे घालावे लागतात.

आपल्यातल्याही काही जणी म्हणतात, 'माहिती दिली तर बिघडलं कुठे? मुलीचंच भलं.' मला हे साफ नामंजूर आहे. घरच्यांना चुकवून आलेल्या मुलीचा पत्ता सरकारी कागदावर चढला की तो गावात पोचायला वेळ लागत नाही. केंद्राचं रजिस्टर मागायला कोणी आलं तर आधी लेखी आदेश मागा, आणि त्या बाईच्या संमतीशिवाय नाव देऊ नका. नाशिक जिल्ह्यातून आजवर अशी किती नावं वर गेली, कोणाच्या सहीने गेली, यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहितेय. सह्यांना या.