जग नांदेडला येते. शिकायला का येत नाही?

'नीट'चा निकाल लागला की लातूर आणि नांदेड या दोन शहरांत आणखी एक हंगाम सुरू होतो. परदेशी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थांचा हा हंगाम. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपाइन्स ही नावे मराठवाड्यातील मध्यमवर्गीय घरांना आता परकी राहिलेली नाहीत. त्यासाठी कुणी कर्ज काढतो, कुणी शेताचा तुकडा विकतो.

या ओढीचे कारण उघड आहे. २०२४ साली 'नीट'ला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाच्या थोड्या पुढे होत्या. 'लातूर पॅटर्न'ने गुणवंत घडविले, परंतु अंबाजोगाई, नांदेड, लातूर येथील शासकीय महाविद्यालयांच्या जागा मोजक्याच. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शिक्षक वा शेतकरी पालकाच्या आवाक्याबाहेरचे. मग परदेशच स्वस्त वाटू लागतो.

परदेशी जाण्यात गैर काहीच नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या, याचा महाराष्ट्राला अभिमानच आहे. प्रश्न आहे तो डोळे मिटून जाण्याचा. २०२२च्या आरंभी युद्धाच्या छायेत युक्रेनमधून सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. 'ऑपरेशन गंगा'ने जीव वाचविले, पण अर्धवट राहिलेल्या अभ्यासक्रमाचे काय, हा प्रश्न घेऊनच ती मुले घरी आली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी. मायदेशी परतल्यावर पात्रता परीक्षा असतेच. गेल्या काही वर्षांत या परीक्षेत अनेकदा चार-पाच जणांमागे जेमतेम एकच उत्तीर्ण झाला आहे. मध्यस्थाच्या रंगीत माहितीपत्रकात हे क्वचितच ठळकपणे छापलेले असते.

वैद्यकीपुरतेच हे चित्र मर्यादित नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत होते. याउलट २०२१-२२च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात भारतात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या होती अवघी ४६,८७८. त्यांतही चौथ्या हिश्श्याहून अधिक एकट्या नेपाळचे. जाणारा लोंढा आणि येणारी धार! कॅनडाने २०२४ मध्ये परवान्यांवर मर्यादा घातली, अमेरिकेने २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबविल्या, तेव्हा येथील हजारो घरांची झोप उडाली. दुसऱ्याच्या दाराची कडी दुसऱ्याच्याच हाती असते, हे यातून शिकायचे नाही काय?

अशा वेळी नालंदेचे नाव घेऊन छाती फुगविणे सोपे आहे. परंतु युआन श्वांग सातव्या शतकात नालंदेस आला तो तेथील आचार्यांकडे शिकण्यासाठी. जुन्या कीर्तीच्या स्तोत्रांसाठी नव्हे.

नांदेडला जग येत नाही असे थोडेच आहे? तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे कॅनडा, ब्रिटन, अमेरिकेतील शीख कुटुंबे श्रद्धेने येतात. २००८च्या गुरुता गद्दी त्रिशताब्दीत या शहराने लाखोंचे आतिथ्य केले. हे यात्रेकरू नतमस्तक होऊन परततात. त्यांच्या मुलांनी येथे राहून शिकावे, असे काही आपण उभे केलेले नाही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या पवित्र दिनी, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने स्थापन झालेल्या विद्यापीठाकडून ही अपेक्षा करणे अवाजवी नाही.

विषयांची तर वाण नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाने सुमारे दहा हजार बळी घेतले. त्यानंतरचे पुनर्वसन हा भूशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ या दोघांच्याही अभ्यासाचा विषय आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. आफ्रिकेतील कोरडवाहू देशांना हा अनुभव नवखा वाटणार नाही. दशम गुरूंचे अखेरचे वास्तव्य, निजामी राजवटीचा इतिहास, डाळी व सोयाबीनची शेती हे सारे येथेच, या मातीतच अभ्यासता येते.

मात्र केवळ अभ्यासक्रमाने विद्यार्थी येत नाही. फर्ग्युसनच्या वसतिगृहाची जबाबदारी सांभाळताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी आजारी परदेशी विद्यार्थ्याची आबाळ पाहिली आणि त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये 'सिंबायोसिस' जन्मास आली. त्या संस्थेच्या मुळाशी आपुलकी होती. इमारती नंतर आल्या.

म्हणून कर्तव्य दुहेरी आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील पालकांना पैसे भरण्यापूर्वीच आयोगाचे नियम समजावून सांगावेत आणि परदेशी गेलेल्या मुलांशी संपर्क ठेवावा. दुसरीकडे, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला सणावाराला घरी जेवायला बोलावणारी कुटुंबे पुढे यावीत आणि विद्यापीठाने त्याच्यासाठी वसतिगृह, ग्रंथालय व मार्गदर्शक सिद्ध ठेवावेत. गावची लेकरे बाहेर पाठविताना गावाची वाट जगासाठी मोकळी ठेवणे, हेच खऱ्या आत्मविश्वासाचे लक्षण होय.