गोळी स्वस्त, गप्प बसणं महाग

दर वर्षी फेब्रुवारीतला दुसरा सोमवार आंतरराष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशात १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. मधुमेह दिनाला तालुक्याच्या गावातही रक्त तपासणीची शिबिरं लागतात, पण हे दोन दिवस कधी आले नि गेले, कळतही नाही. कारण साधं आहे. या आजाराचं नावच आपण घराबाहेर काढत नाही. मिरगी, फेफरं, आकडी, फिट! नावं पुष्कळ, पण घेताना आवाज खाली.

म्हणूनच मैत्रिणींनो, आज मुद्दाम हा विषय घेतला. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के आपल्यासारख्या कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वेळेवर निदान आणि नीट औषध मिळालं, तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात. फिनोबार्बिटोनची गोळी तर शंभर वर्षांपासून वापरात आहे. अशा औषधाचा वर्षाचा खर्च ५ डॉलरइतका कमी असू शकतो. आपल्या हिशेबात सणाच्या एका साडीपेक्षाही कमी! तरीही गरीब देशांत चारांतल्या तिघांना उपचार मिळत नाहीत. मग अडतं कुठे?

हाच प्रश्न घेऊन १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अपस्मारावर काम करणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मोहीम सुरू केली. तिचं घोषवाक्य होतं, 'सावलीतून बाहेर'. या मोहिमेत चीनच्या ग्रामीण भागात एक प्रयोग झाला. मोठे तज्ज्ञ खेड्यात पाठवण्याऐवजी खेड्यातल्याच डॉक्टरांना शिकवलं आणि त्यांच्या हाती तीच जुनी, स्वस्त गोळी दिली. बऱ्याच रुग्णांचे झटके कमी झाले, काहींचे पूर्ण थांबले. पुढे घाना, मोझांबिक, म्यानमार आणि व्हिएतनाममध्येही याच धर्तीवर काम झालं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य सभेत अपस्मारावर ठराव झाला आणि २०२२ मध्ये २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. त्यात ९०-८०-७० असं उद्दिष्ट आहे. ९० टक्के रुग्णांना हा मेंदूचा, उपचार करता येण्याजोगा आजार आहे हे माहीत असावं, ८० टक्क्यांना परवडणारं औषध मिळावं आणि औषध घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचे झटके आटोक्यात यावेत.

मला विचाराल तर यातला ९० चा आकडाच सगळ्यात अवघड आहे. औषध सरकार पुरवील, डॉक्टर शिकवता येतील. पण 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणत मुलीला आधी देवऋषाकडे नेणाऱ्या घराला कोण शिकवणार?

आणि मुलगी असली की प्रश्न दुप्पट होतो. आमच्या ओळखीतल्या एका घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, तशा मुलीच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात गेल्या. लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून तिने त्या घेणंच सोडलं. अपस्मारात गोळ्या अचानक बंद केल्या की झटका उलटून येतो, तोही मोठा. दोन महिन्यांत तेच झालं आणि 'आम्हाला फसवलं' म्हणून तिला माहेरी पाठवलं गेलं.

कायदा काय म्हणतो, हे आपल्याला माहीत हवं. १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारा अपस्मार हे लग्न रद्द ठरवण्याचं एक कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात घातलं गेलं होतं. १९९९ मध्ये संसदेने तो शब्द काढून टाकला. आज निव्वळ फिट येते म्हणून कुणाचं लग्न रद्द होत नाही. पण लपवलं, तर 'फसवणूक' हा मुद्दा कोर्टात ओढता येतो. म्हणजे आपण ज्या भीतीने गप्प बसतो, ते गप्प बसणंच अंगाशी येतं. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या 'संवेदना' या गटाने तर आजार उघड सांगून लग्न जुळवण्याचं काम केलंय. सांगूनही लग्नं होतात, हे त्यातून दिसलं.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी बाळं होतात. मात्र व्हॅलप्रोएट या औषधाने गर्भात दोष येण्याचा धोका मोठा असतो, म्हणून आई होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो देऊ नये, असं आता जगभर सांगितलं जातं. काही गोळ्यांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होतो. म्हणून आपण कुठलं औषध घेतो, हे डॉक्टरांना विचारा. दिवस जाण्याआधीच विचारा. पण मनाने बंद करू नका.

आणि समोर कुणाला झटका आलाच, तर चप्पल नको, कांदा नको, दातात चमचा तर नकोच. आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला फोन.

जिनिव्हात ठरलेला आराखडा देशांवर सक्तीचा नाही. तो खरा ठरेल की नाही, हे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कपाटावर अवलंबून आहे. 'गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य तापाच्या रुग्णाला चालेल, फिटच्या रुग्णाला नाही. तेव्हा महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढंच ठरवा: दोघी-तिघींनी जाऊन डॉक्टरसाहेबांना विचारायचं, फिटच्या गोळ्या किती महिन्यांच्या शिल्लक आहेत? आणि विचारताना आवाज खाली करायचा नाही.