स्तुती संस्कृतात, वसुली मराठीत

'गणित तुमच्या लोकांच्या डोक्यात शिरायचं नाही.' आठवीत असताना एका मास्तरानं मला हे भर वर्गात ऐकवलं. त्याची छडी विसरलो, हे वाक्य विसरलो नाही. कारण मी ते खरं मानलं होतं. पुढं चळवळीत आलो, तर आमचीच पोरं वेगळ्या भाषेत तेच बोलत होती : गणित हा भटांचा प्रांत, आपला प्रांत कविता आणि मोर्चा. म्हणजे मास्तराचं उत्तर आम्हीच आमच्या पाटीवर उतरवून घेतलं! ते उत्तर साफ चूक आहे. त्याचा पुरावा याच महाराष्ट्रात दगडावर कोरलेला आहे.

चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथं इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. लेखात राजांची वंशावळ आहे, पंडितांची वंशावळ आहे, भास्कराचार्यांची तोंड भरून स्तुती आहे. हे सगळं संस्कृतात. आणि शेवटी भाषा बदलते. तिथं मराठी येते. का येते? कारण तिथं कुणी काय द्यायचं ते सांगायचंय. बाजारात जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं, ते मठाला. जितके घाणे चालतील तितक्यांमागं पळी पळी तेल मठाला. गावात जे मापायचं ते मठाच्याच मापानं मापायचं आणि मापण्याबद्दल जे मिळेल त्यातलं अर्धं मठाला, अर्धं मापाऱ्याला.

स्तुती संस्कृतात, वसुली मराठीत! आपल्या मध्ययुगीन विद्येची अख्खी कुंडली एवढ्यात आली.

आता मला सांगा, घाण्याभोवती फिरून जो ती पळी भरत होता, त्याच्या पोराला कधी त्या मठाची पायरी चढता आली असेल? बाप महेश्वर, मुलगा भास्कर, त्याचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. विद्या अशी घरातल्या घरात, वतनासारखी चाललेली. तेल गावाचं, उजेड एका घरात.

पण म्हणून भास्कराचार्य लहान होत नाहीत, हेही मोकळ्या मनानं कबूल करू. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ज्या माणसानं 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, त्याची बुद्धी नाकारणं हा अडाणीपणा आहे. माझं भांडण त्या बुद्धीशी नाही. ती बुद्धी कशावर पोसली, हा माझा सवाल आहे.

त्यातलीच 'लीलावती' उघडून बघा. खड्डा खणला तर माती किती निघाली? भिंतीला विटा किती लागल्या? लाकूड चिरलं तर किती चिरलं? खळ्यावर धान्याची रास पडली, ती किती? खणणारा कोण, चिरणारा कोण, खळ्यावर राबणारा कोण? आपणच की! आपल्या घामाचं माप घेतल्याशिवाय ते गणित पुरं होत नाही. आणि खुद्द भास्कराचार्य सांगतात, की खोदाई, चिराई, रचाई यांचा दर कारागिराशी ठरवून घ्यावा, वस्तू मऊ की कठीण ते बघून. म्हणजे गणिती पंडितालासुद्धा शेवटी काम करणाऱ्याला विचारावं लागत होतं.

पण त्याच पुस्तकात आणखी एक उदाहरण आहे. व्यस्त त्रैराशिकाचं. सोळा वर्षांच्या बाईला ३२ निष्क पडतात, तर वीस वर्षांच्या बाईला किती? उत्तर २५ पूर्णांक ३/५. आणि लगेच त्याला जोडून बैल : दोन जोखडं वाहिलेल्या बैलाला ४ निष्क, तर सहा वाहिलेल्याला किती? बाई आणि बैल एकाच श्लोकात, एकाच नियमाला जुंपलेले. वय वाढलं की किंमत उतरली. घटिकापात्रात मोती पडला आणि लीलावतीचं लग्न मोडलं, ही दंतकथा आम्हाला शाळेत रंगवून सांगितली. या विकाऊ बाईबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिला नाव नाही. तिच्या नावानं कुणी ग्रंथ लिहिला नाही. ती फक्त एक राशी.

आणि भिंत? परंपरा सांगते, १३३८ साली मंगळवेढ्याचं कुसू बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसकट तिच्याखाली गाडला गेला. ज्यांना कुसाबाहेर ठेवलं, त्यांच्याच हातून कुसू बांधून घेतलं! तेव्हा 'लीलावती'तला विटांचा हिशेब जवळजवळ दोनशे वर्षांचा झालेला होता. माणसांचा हिशेब कुणी केला नाही.

बरं, ही विद्या परक्यांपासून लपवून ठेवली होती म्हणावं, तर तेही नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली 'लीलावती' फारसीत नेली. १८१६ साली टेलर नावाच्या इंग्रजानं ती इंग्रजीत आणली, आणि ती छापली कुठं, तर आपल्या मुंबईत. बादशहाला चालली, इंग्रजाला चालली. वेशीबाहेरच्याला मात्र नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. गणित सोडवायला मास्तरांनी फळ्यापाशी बोलावलं, तर सवर्ण पोरांनी गिल्ला केला, कारण फळ्यामागं त्यांचे डबे ठेवलेले होते. सातशे वर्षांनंतरही फळा बाटत नव्हता, डबे बाटत होते!

तेव्हा 'आमच्या पूर्वजांचं गणित' म्हणून छाती फुगवणाऱ्यांना एकदा विचाराच, तेल कुणाचं होतं? आणि आपल्या पोरांना माझं सांगणं वेगळं आहे. गणित भटांचं नाही. ते घाण्याचं आहे, खळ्याचं आहे, करवतीचं आणि कुदळीचं आहे. गावाच्या शिवेचा वाद पडला की साक्षीला महाराला उभं करत. शीव कुठून कुठं जाते हे त्याच्या पायांना ठाऊक होतं. ज्यानं जमीन मापली त्याला आकडा का परका वाटावा?

आज माप कुणाच्या हातात आहे ते बघा. अनुसूचित जातींच्या नावावर बजेटात किती टाकले, किती खर्चले, किती दुसरीकडं वळवले, ही वजाबाकी आपल्याला स्वतःला आली पाहिजे. नाहीतर मापही त्यांचं आणि मापारीही त्यांचा. आपण पळी भरत राहणार.

घोषणा द्याच. पण मोर्चावरून घरी आल्यावर वही उघडा. वस्तीतल्या पोरांना समाजमंदिरात गोळा करा, खडू घ्या, फळा लावा. या वेळी फळ्यामागं कुणाचे डबे नसतील.

आठशे वर्षांची पळी पळी बाकी आहे. ती मांडायला तरी हिशेब शिका.