डीएपी टंचाईत पीएसबी : जिवाणू नेमके काय करतात, काय करत नाहीत?

२०२५ च्या खरिपात चीनने निर्यातीवर घातलेल्या मर्यादांमुळे डीएपीची आवक घटली आणि अनेक ठिकाणी १३५० रुपयांची ५० किलोची गोणी वेळेवर मिळाली नाही. त्यामुळे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंकडे (पीएसबी) शेतकऱ्यांचे लक्ष वळले. मात्र ‘डीएपीऐवजी पीएसबी’ हे समीकरण चुकीचे आहे. ते समजण्यासाठी जिवाणूंचे काम नीट पाहायला हवे.

जिवाणूंचे काम

कारखान्यात खडक फॉस्फेटवर गंधकाम्लाची क्रिया करून फॉस्फरिक आम्ल बनवतात, त्यात अमोनिया मिसळून डीएपी तयार होते. जिवाणू मातीच्या साध्या तापमानात वेगळ्या मार्गाने जातात. मुळांतून पाझरणाऱ्या ग्लुकोज साखरेचे रूपांतर ते एका विशिष्ट विकराच्या (एन्झाइम) साह्याने ग्लुकोनिक आम्लात करतात. हे आम्ल कॅल्शिअमला पकडते आणि त्याने बांधून ठेवलेला स्फुरद मोकळा होतो.

दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाला साधारण १५ ते २० टक्केच मिळतो. उरलेला आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शिअमशी, तर कोकणातील जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनिअमशी बांधला जातो. पीएसबी हा साठा हळूहळू उघडतात. पण ते नवीन स्फुरद आणत नाहीत. ज्या जमिनीत साठाच कमी, तिथे खताला पर्याय नाही.

मर्यादा कुठे?

जास्त चुनखडीच्या जमिनीत तयार झालेले आम्ल लवकर निष्प्रभ होते. सेंद्रिय कर्ब कमी असेल, तर जिवाणूंना खाद्य मिळत नाही. म्हणून शेणखत किंवा कंपोस्टशिवाय पीएसबीचा परिणाम तोकडाच राहतो.

प्रत्येक जिवाणूचे काम ठरलेले असते. पीएसबी सर्व पिकांना चालते, पण रायझोबियम पिकानुसार वेगळे लागते. सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याला उपयोगी पडत नाही.

खरेदी करताना

खत नियंत्रण आदेशानुसार भुकटी स्वरूपातील पीएसबीमध्ये प्रति ग्रॅम किमान ५ कोटी, तर द्रवरूपात प्रति मिलि किमान १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. उन्हात ठेवलेल्या पाकिटात ही संख्या झपाट्याने घटते. मेलेले जिवाणू वापरले, तर पैसे वाया जातात. त्यामुळे उत्पादन तारीख, अंतिम मुदत आणि दुकानातील साठवण पाहूनच खरेदी करावी. पक्के बिल घ्यावे.

काय करावे?

- माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद कमी असेल, तर शिफारशीची मात्रा कमी करू नये.
- डीएपी न मिळाल्यास एका गोणीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटच्या ३ गोण्या आणि युरियाची अर्धी गोणी द्यावी. यातून स्फुरदाची गरज भागते, शिवाय गंधकही मिळते.
- बीजप्रक्रियेसाठी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम भुकटी संवर्धक वापरावे. आधी बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू, हा क्रम पाळावा. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.
- संवर्धक रासायनिक खतात मिसळू नये.
- स्फुरद मध्यम ते भरपूर असेल, तर एका पट्ट्यात पूर्ण मात्रा आणि शेजारच्या पट्ट्यात पीएसबीसह २५ टक्के कमी स्फुरद देऊन उत्पादनाची तुलना करावी. फरक नसेल, तरच पुढच्या हंगामात सर्व क्षेत्रावर कपात करावी.

सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गावातील माती परीक्षण अहवाल एकत्र करून कोणाच्या शेतात स्फुरदाचा साठा आहे, याची यादी पेरणीपूर्वी करावी. टंचाईत डीएपी आधी कोणाला लागेल आणि पीएसबीवर कोण भर देऊ शकेल, हे त्यातून स्पष्ट होईल.