भंगारातली केबल आणि आपला हॅम क्लब

कॉलेजच्या मॅगझिनमध्ये भंगारावर कोण लिहितं, असं तुम्हाला वाटेल! पण धाराशिवमध्ये कोणाला हॅम रेडिओ सुरू करायचा असेल, तर गाडी केबलपाशीच अडते. साधा सेट कसातरी जमतो, अँटेना अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपची घरीच बनते. पण गच्चीपासून खोलीपर्यंत वीस-पंचवीस मीटर चांगली कोअ‍ॅक्सियल केबल नवी घ्यायची म्हटलं की पॉकेटमनी संपतो आणि विषयही तिथेच संपतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, जुनी घ्या. फक्त तपासून घ्या.

जुना माल आपल्याकडे भरपूर आहे. केबल टीव्हीवाल्यांनी फायबर टाकल्यावर काढलेली, जुन्या डिशची, आणि जुन्या कॉम्प्युटर लॅबमधली. नव्वदच्या दशकात कितीतरी ठिकाणी लॅन काळ्या आरजी-५८ केबलवर चालायची, बीएनसी कनेक्टर लावून. ती ५० ओहमची, म्हणजे हॅमला लागते तीच! भंगारात ती किलोवर जाते आणि आतल्या तांब्यासाठी जाळतात.

केबलवर छापलेलं नाव वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. बऱ्याच वेळा ते पुसलेलं असतं. आरजी-२१३ आणि आरजी-११ बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्ही साधारण १० मिलिमीटर जाड, काळ्या, आत सात तारांचा पीळ. पण पहिली ५० ओहमची आणि दुसरी ७५ ची. इथे फर्स्ट इयरचं व्हर्नियर कामाला येतं. आतल्या पांढऱ्या प्लास्टिकचा व्यास भागिले मधल्या तारेचा व्यास करा. प्लास्टिक भरीव असेल तर उत्तर साडेतीनच्या आसपास आलं की ५० ओहम, साडेसहाच्या आसपास आलं की ७५. ट्रान्समिशन लाइनचा तो लॉगवाला फॉर्म्युला आपण परीक्षेत पाठ लिहितो, तोच हा.

काही जण मल्टिमीटर ओहमवर ठेवून केबलचे ५० ओहम शोधत बसतात. ते कधीच दिसणार नाहीत! मीटरवर मोजता येते ती कपॅसिटन्स. दुसरं टोक मोकळं ठेवा. भरीव प्लास्टिकची ५० ओहमची केबल मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड दाखवते, ७५ ची सुमारे ६७. फोमवाली असेल तर अंदाजे ८० आणि ५३. म्हणजे लांबी माहीत असेल तर जात कळते, आणि जात माहीत असेल तर गुंडाळीची लांबी न उलगडता कळते.

मग तब्येत बघायची. आपल्याकडचं ऊन बाहेरच्या प्लास्टिकला तडकवतं, पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि जाळीतून वातीसारखं चढत जातं. टोकाकडचं एक वीतभर सोला. जाळी चकचकीत असली तर ठीक, काळी पडली असेल तर आणखी अर्धा मीटर कापा. तिथेही काळीच निघाली तर केबल परत द्या, भाव कितीही कमी असो. मधली तार चुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे, वर तांब्याचा नुसता मुलामा. जुन्या लॅनचा ५० ओहमचा टर्मिनेटर मिळाला तर एका टोकाला लावा आणि दुसऱ्या टोकाला मीटर धरा. २५ मीटर आरजी-५८ वर ५१-५२ दिसायला हवेत. आकडा बराच वर गेला किंवा केबल हलवताना नाचला, तर कुठेतरी जाळी तुटली आहे.

सगळ्यात मोठा धोका एसडब्ल्यूआर मीटरचा. सडलेली केबल उत्तम एसडब्ल्यूआर दाखवते! अँटेनापर्यंत गेलेली आणि तिथून परत येणारी पॉवर ती वाटेतच गिळते, मग मीटरला काय कळणार? म्हणून दुसरं टोक मोकळं ठेवून अ‍ॅनलायझरवर १४५ मेगाहर्ट्झला बघा (सेट जोडून हे करू नका). चांगल्या तुकड्याचा आकडा खूप मोठा येतो. तीनच आला, तर निम्मी पॉवर केबलमध्येच गरम होतेय.

आणि टीव्हीच्या आरजी-६ ला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. ७५ ओहमची असली तरी ५० ओहमच्या अँटेनाला एसडब्ल्यूआर दीडच होतो, म्हणजे चार टक्के पॉवर परत येते. १४५ मेगाहर्ट्झला तिचा लॉस मात्र आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर लागत नाही, दाबून बसवायचे कनेक्टर लावा, झालं.

हे सगळं कशाला? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला तेव्हा आमचा जन्मही नव्हता. पण त्या दिवसांत हॅम मंडळींनी वायरलेसवर संपर्क चालवला, हे कॉन्व्हेंटमधल्या बारा वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. सास्तूर आपल्याच जिल्ह्यात आहे! आज मोबाइल आहेत, मान्य. पण टॉवरला वीज लागते, आणि ती आपल्याकडे भूकंपाशिवायही जाते.

परवान्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, आणि परवाना हातात येईपर्यंत ट्रान्समिट करायचं नाही. तेवढ्या वेळात केबल तयार ठेवता येईल. डेडस्टॉक रजिस्टरमधली जुनी लॅन केबल, टर्मिनेटर आणि बीएनसी कनेक्टर यंदा भंगारात काढण्याआधी इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना एक शनिवार बघू द्यावेत, एवढीच डिपार्टमेंटला विनंती आहे. व्हर्नियर आणि चुंबक आम्ही आणू.