पंप बदलायच्या आधी प्रेशर मोजा

विहिरीवरची मोटर पाणी कमी फेकायला लागली की आपण आधी फूटव्हॉल्व्ह बघतो, पाइप बघतो. गाडी मात्र चढाला दम तोडायला लागली, सकाळी चार-पाच सेल्फ खायला लागली, की लगेच "पंप गेला" आणि हजारो रुपये मोजून मोकळे! आपल्या वाळूजला एमआयडीसीत गेज वाचणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, तिथं तरी हा अंदाजधंदा बंद व्हावा, असं माझं स्पष्ट मत.

पेट्रोल इंजेक्शनची गाडी असेल तर नुसती चावी ऑन करा. टाकीकडून दोनेक सेकंद घूंऽऽ आवाज यायला पाहिजे. नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले बघा. आवाज येतोय पण गाडी ओढत नाही, मग गेज लावा. बऱ्याच गाड्यांना ३ ते ४ बार लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. रेस दिल्यावर काटा पडला तर पंपाआधी फिल्टरवर संशय घ्या. इंजिन बंद केल्यावर काटा झपकन उतरला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह नाहीतर गळका इंजेक्टर. फूटव्हॉल्व्ह गळून पाणी उतरतं ना, तसंच.

पाइप सोडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, प्रेशर उतरतं. बिडीवाल्याला लांब बसवा. कॉमन रेल डिझेलला मात्र घरी हात लावू नका, तिथं १००० बारच्या वर प्रेशर असतं, धार कातडीत घुसते.

आणि कायम रिझर्व्हवर गाडी फिरवणाऱ्यांनो, टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो बरं का.